कविता वाचावी की गावी? आमच्या काव्यमंडळातला पेच आणि ना. घ. देशपांड्यांची संध्याकाळ

पैनगंगा:

नमस्कार मंडळी.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, पतसंस्थेत नोकरी करते. आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही काही जण कवितेसाठी जमतो. मंडळाची वही माझ्याकडे असते, म्हणून हा प्रश्नही मीच विचारतेय. येणाऱ्यांत एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, एसटीतले एक वाहक, कापूस-सोयाबीन करणारे दोघे भाऊ, सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई आणि कॉलेजच्या काही मुली. वर्षभरापासून भजनी मंडळातला एक मुलगा पेटी घेऊन येतो. त्याचा गळा चांगला आहे आणि कवितेवर त्याचा खरा जीव आहे.

सरांची एक मुक्तछंदातली कविता आहे, गावातल्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगवर. ओळी लहान लहान, मध्येच तोडलेल्या. त्या मुलानं घरी बसून तिला चाल लावली. केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, पहिल्या दोन ओळींचं धृपद करून. मागच्या बैठकीत त्यानं ती गायली, टाळ्या पडल्या, मुलींनी मोबाईलवर घेतली. सर काहीच बोलले नाहीत. चहा झाल्यावर निघताना म्हणाले, "जिनिंग बंद पडली हे कोणाच्या लक्षात आलं का? सगळ्यांना गोड लागलं फक्त." या महिन्यात सर आले नाहीत. मुलगा आला, पण पेटी घरी ठेवून आला.

मला दोघंही हवे आहेत. सरांमुळे आम्ही लिहायला लागलो आणि या मुलामुळे खोलीत माणसं वाढली.

त्यात ऑगस्ट जवळ येतोय. ना. घ. देशपांडे आमच्याच जिल्ह्यातले, मेहकरला वकिली करणारे. त्यांचा जन्म ऑगस्ट १९०९चा, म्हणून त्या सुमाराला त्यांच्या कवितांची एक संध्याकाळ करायची ठरली आहे. 'रानारानात गेली बाई शीळ' हे गाणं आमच्या आजीच्या पिढीला तोंडपाठ होतं, पण ते लिहिणारा माणूस चार गावं पलीकडे राहत होता हे कितीतरी जणांना ठाऊक नाही. मुलगा म्हणतो, कविता गाऊ या. वाहककाका म्हणतात, वाचू या, नाहीतर लोक गाणं ऐकून घरी जातील आणि कवी तिथेच राहील.

कवितेला चाल कधी लावावी आणि कधी लावू नये, याचं काही धरून चालण्यासारखं आहे का? पूर्वीची मंडळं हे कसं करायची? ज्यांनी अशी मंडळं चालवली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

गिरणगावकर:

ताई, वाचा. गाऊ नका.

हे मी गाण्याचा वैरी म्हणून सांगत नाही. परळच्या चाळीत वाढलो, वडील गिरणीच्या साचाखात्यात होते. अमर शेखांच्या आवाजाबद्दल ते बोलायला लागले की जेवायचे थांबायचे. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हीच शाहिरी मैदानं भरून टाकत होती. त्या रचना डफाशिवाय उभ्याच राहत नाहीत. त्या जन्मल्याच हजारो माणसांसमोर, शेवटच्या रांगेतल्या कामगारापर्यंत शब्द पोचवायला. तिथे चाल काढून घेतली तर अर्धं शरीर कापल्यासारखं होईल.

पण त्याच गल्ल्यांतून नारायण सुर्वे आले. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२चा, 'माझे विद्यापीठ' १९६६चा. सुर्व्यांची कविता बोलते. ती बोलता बोलता थांबते, आणि जिथे थांबते तिथेच घाव बसतो. तिच्याखाली ठेका टाकला की थांबायला जागाच उरत नाही, तबला ती भरून काढतो. तुमच्या सरांचं नेमकं हेच झालं असणार. बंद पडलेल्या जिनिंगची कविता केरव्यात चालायला लागली तर जिनिंग सुरू झाल्यासारखी वाटेल.

आणि नुसत्या वाचनाला लोक येत नाहीत हे मला कोणी सांगू नये. वसंत बापट, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी मिळून महाराष्ट्रभर कविता वाचल्या, वर्षानुवर्षं. पाडगावकरांची गाणी रेडिओवर घरोघरी वाजत होती, तरी व्यासपीठावर ते कविता म्हणायचे, आणि सभागृह भरायचं. पेटी नाही, तबला नाही. तीन माणसं, तीन आवाज आणि पाठ असलेली कविता. पाठ असणं महत्त्वाचं, कागदात डोकं घालून वाचलं तर मात्र माणसं उठून जातात.

सरांच्या घरी जा. पुढच्या बैठकीत ती कविता त्यांनाच म्हणायला सांगा, आणि त्या मुलाला पहिल्या रांगेत बसवा.

सुरपेटी:

गिरणगावकर, सुर्व्यांबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्दन् शब्द मला पटतो. पण 'वाचा, गाऊ नका' एवढ्यावर थांबलो तर तो मुलगा पुढच्या महिन्यात भजनी मंडळात परत जाईल, आणि मग त्या खोलीत फक्त लिहिणारेच लिहिणाऱ्यांना ऐकवत बसतील. अशी मंडळं मी आटताना पाहिली आहेत.

मी अमरावतीची. शाळेत संगीत शिकवलं, आता निवृत्त आहे. विदर्भातल्या गावोगावच्या साहित्य मंडळांत कवींच्या शेजारी पेटी घेऊन बसण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, म्हणून जरा लांबण लावते.

पैनगंगाताई, तुमच्या वादात तीन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जाताहेत: कविता वाचणं, काव्यगायन आणि भावगीत. आधी मधल्या गोष्टीबद्दल बोलते, कारण तीच आपण विसरलो आहोत.

पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, नाट्यछटाकार दिवाकर अशी रविवारी जमणारी मित्रमंडळी. तुमच्यासारखीच, बघा. एकमेकांना कविता ऐकवायच्या, त्यावर बोलायचं, चहा घ्यायचा. पुढे यशवंत आणि गिरीश ठिकठिकाणी आपल्या कविता गाऊन म्हणायचे आणि त्याला गर्दी व्हायची. पण तिथे संगीतकार नव्हता, वाद्यवृंद नव्हता, कवी स्वतःच्या गळ्यावर म्हणत होता. त्याला ते जमत होतं, कारण कविता वृत्तात किंवा जातीत, म्हणजे मात्रांच्या मापात, बांधलेली होती आणि वृत्त आपली चाल बरोबर घेऊनच येतं. शाळेत श्लोक आणि आर्या चालीवर पाठ केलेल्या पिढीला हे वेगळं शिकवावं लागत नव्हतं. याच मंडळातल्या माधव जूलियनांनी 'छंदोरचना' लिहिली. मराठी पद्यातल्या लघु-गुरूंचा, म्हणजे आखूड आणि लांब उच्चाराच्या अक्षरांचा, इतका कसून हिशेब दुसऱ्या कोणी क्वचितच मांडला असेल. गाणारं मंडळ आणि मात्रा मोजणारं मंडळ एकच होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. कान आणि व्याकरण एकाच सतरंजीवर बसले होते.

मग आली तबकडी. तुमच्या ना. घं.ची 'शीळ' जी. एन. जोशींनी १९३२च्या सुमाराला ध्वनिमुद्रित केली आणि मराठी भावगीताची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मिळायची. त्यात मुखडा, दोन-तीन अंतरे, मधले वाद्यांचे तुकडे आणि परत मुखडा एवढं बसवायचं. कवितेची कडवी त्या मापानं निवडली जाऊ लागली. पुढे रेडिओ आला. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभरात माडगूळकर आणि बाबूजींची (सुधीर फडके) छप्पन्न गाणी घरोघरी पोचली. ती गाण्यासाठीच लिहिलेली होती, दर आठवड्याला एक. म्हणजे भावगीत हे कवितेचं नैसर्गिक पुढचं पाऊल नाही, तो एका यंत्राच्या मापाने घडलेला वेगळा आकार आहे. सुंदर आकार आहे, मी जन्मभर त्यावर जगले आहे. पण तुमच्या मुलानं सरांच्या कवितेला नकळत तोच आकार दिला. त्यानं ऐकलेलं सगळं त्या आकारातलं आहे, तो दुसरं काय देणार? त्याला दोष देऊ नका.

आता कामाचं.

कोणत्याही कवितेला चाल लावण्याआधी ती कवीच्या तोंडून ऐकायची. कवी नसेल तर चांगलं वाचणाऱ्याकडून ऐकायची, आणि ऐकताना बोटांवर मात्रा मोजायच्या. मनाचे श्लोक सगळ्यांना येतात, तिथून सुरुवात करा. भुजंगप्रयात वृत्त आहे. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, म्हणजे लघु-गुरु-गुरु असा पाच मात्रांचा गट, एका चरणात चार वेळा. पाच आणि पाच दहा, म्हणजे दहा मात्रांच्या झपतालात सहज बसतो. तेच ओढून-ताणून केरव्यात घालून पाहा, गुरूला घाई होते आणि लघु उगाच लांबतो. याउलट सोळा मात्रांचं पादाकुलक केरव्यात स्वतःहून चालायला लागतं, आठ-आठचे दोन पाय आहेत त्याला. त्या मुलाकडून ही दोन-चार वृत्तं नुसती ठेक्यावर म्हणवून घ्या. भजनी ठेका त्याच्या हातात आहे, अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरं तो न मोजता म्हणतो. त्याला फार लवकर कळेल की कविता आपला ठेका आपणच सांगते.

सरांची कविता ठेका सांगत नाही. तिच्या ओळी तोडलेल्या आहेत, म्हणजे श्वास कुठे सोडायचा हे सरांनी लिहून ठेवलेलं आहे. केरव्यात आठ मात्रा भरायला त्यानं दोन ओळी जोडल्या असतील, कुठे एखादं अक्षर लांबवलं असेल. तोडलेली जागा बुजली की कविताच बदलते. 'थांबू नको, जा' आणि 'थांबू, नको जा' यांत शब्द तेच आहेत. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे पडते त्यावर माणूस जातो की राहतो ते ठरतं. यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' हे पुस्तक लिहिलं ते याच काळजीपोटी. तुमच्या वाचनालयात नसेल तर मागवून घ्या आणि त्या मुलाच्या हातात द्या.

धृपदाचंही तसंच. कविता स्वतः फिरून पहिल्या ओळीवर येत असेल तर धृपद करावं. सरांची कविता पुढे पुढे जाऊन एका बंद फाटकाशी थांबत असेल, आणि आपण दर कडव्यानंतर तिला सुरुवातीला आणून उभं करत असू, तर तिचं थांबणं आपण हिरावून घेतलं.

मग पेटीनं काय करायचं? सुरेश भट आमच्या अमरावतीचे, १९३२चा जन्म. ते मुशायऱ्यात गझल तरन्नुममध्ये, म्हणजे सुरात, म्हणायचे. ज्यांनी ते ऐकलं त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. तबला नाही, ताना नाही. शेराची, म्हणजे गझलेतल्या दोन ओळींच्या जोडीची, पहिली ओळ सुरात म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचं, आणि मग दुसरी ओळ अशी टाकायची की काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, नेमका सगळ्यांच्या मनात तयार असताना यावा. सभागृह तो शब्द कवीबरोबर म्हणायचं. नुसतं वाचलं तर त्याला तहत म्हणतात, आणि तहतलाही मान आहे. म्हणजे वाचन आणि गाणं यांच्यामध्ये एक रुंद ओटा आहे, तिथे बसायला शिका. पेटीवर फक्त षड्ज-पंचम, म्हणजे सा आणि प, धरायचा, भाता हळू. कवी त्या सुराच्या आसऱ्यानं म्हणेल, वाटलं तर सुरात शिरेल, वाटलं तर बोलेल. सरांना हे आवडेल की नाही ते सरांना विचारा. नको म्हणाले तर नको. कवी हयात आहे, खोलीत बसलाय, तर त्याला विचारल्याशिवाय चाल लावायची नाही हा माझा एकच न मोडणारा नियम आहे.

भटांचं आणखी एक सांगते, कारण तुमचा प्रश्न मंडळाचाही आहे. नव्या मुलांना गझलेचं तंत्र कळावं म्हणून त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली, आणि कितीतरी नवोदितांच्या गझला ते पत्रातून तपासून द्यायचे. विदर्भातल्या आडगावच्या मुलांच्या हातात ती बाराखडी पडली आणि मग ठिकठिकाणच्या बैठकांत मात्रा चुकली की कोपऱ्यातून कोणीतरी हळूच बोलायला लागलं. ऐकणारे तयार झाले म्हणून लिहिणारे सुधारले. तुमच्या खोलीतल्या नर्सबाई आणि शेतकरी भाऊ यांचा कान असा तयार व्हायला हवा, नुसत्या टाळ्यांवर कोणाचंच भलं होत नाही.

गाण्याच्या बाजूनंही एक साक्ष देते. ग्रेस नागपूरचे, भल्याभल्यांना अवघड वाटणारे. 'ती गेली तेव्हा रिमझिम' हृदयनाथांनी गायलं आणि ज्यांनी जन्मात कवितेचं पुस्तक विकत घेतलं नव्हतं अशा माणसांनी ग्रेसांचे संग्रह उघडले. मी अशा माणसांना ओळखते. तिथे चालीनं कवितेतलं धुकं पुसायचा प्रयत्न केला नाही, ते तसंच राहू दिलं. म्हणून गाणं कवितेच्या आड येतं हा सरसकट नियम मी मानणार नाही.

ना. घं.च्या संध्याकाळबद्दल. 'शीळ' हा संग्रह १९५४चा. म्हणजे पुस्तक येण्याच्या वीसेक वर्षं आधी ती कविता तबकडीवर गाजत होती. लोकांनी ती आधी ऐकली, मग वाचायला मिळाली. हाच क्रम तुम्ही उलटा करून पाहा. आधी वाहककाकांनी 'शीळ' सावकाश, गाण्याची आठवण न येऊ देता म्हणावी. मग 'शीळ', 'अभिसार' आणि 'खूणगाठी' या संग्रहांतल्या कोणीही न गायलेल्या कविता घ्या. 'खूणगाठी'ला १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे आणि त्यातला कवी फार वेगळा, वय झालेला, कमी शब्दांत बोलणारा आहे. त्या कॉलेजच्या मुलींनी म्हणाव्यात, पाठ करून. गाणं शेवटी. तोवर कवी खोलीत येऊन बसलेला असेल.

जुवारीकाठ:

सुरपेटीताईंनी लिहिलंय त्याला गोव्यातून एक जोड.

बोरीचे बा. भ. बोरकर, आमचे बाकीबाब, जन्म १९१०. मराठीत आणि कोंकणीत सारख्याच ताकदीनं लिहिणारे. 'सासाय' या कोंकणी संग्रहाला १९८१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते आपल्या कविता स्वतः गाऊन म्हणायचे आणि ज्यांनी ऐकल्या त्यांना पुढे छापलेल्या ओळी वाचतानाही तोच आवाज ऐकू येतो. पुल आणि सुनीताबाईंनी बोरकरांच्या कवितांचे कार्यक्रम केले, तेव्हा त्यांच्यापाशीही बाकीबाबांना ऐकल्याची शिदोरी होती. माझे मामा बोरकरांची एक कविता म्हणतात ती कोणत्याही रेकॉर्डवर नाही अशा चालीत. त्यांनी ती थेट ऐकून उचलली. मामांच्या पश्चात ती चाल राहावी म्हणून मी फोनवर भरून ठेवली आहे.

पैनगंगाताई, तुमच्या जिल्ह्यात ना. घं.ना प्रत्यक्ष ऐकलेली माणसं अजून असतील. मेहकरात चौकशी करा. ते आपली कविता कशी म्हणायचे, कुठे थांबायचे, एखादी ओळ दोनदा म्हणायचे का, हे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. कार्यक्रमाला अशा एखाद्या आजोबांना बोलवा आणि त्यांना भाषण करायला न लावता कविता म्हणायला लावा.

कोंकणात अजून एक नाव आहे, आरती प्रभू. वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईत जन्मलेले चिं. त्र्यं. खानोलकर. 'ये रे घना' आज सगळे आशाबाईंच्या आवाजात ओळखतात, हृदयनाथांच्या चालीत. आमच्या इथे एका बैठकीत एका मुलीनं ती कविता नुसती वाचली. ते गाणं इतकं अंगात भिनलेलं, की पहिल्या दोन ओळी सगळ्यांनी मनात गायल्या. तिसरीपासून खोली शांत झाली, आणि मग त्या कवितेतली भीती पहिल्यांदा जाणवली. म्हणून गाजलेली गाणी मुद्दाम वाचा. त्यानं गाण्याचं काही बिघडत नाही.

काळा_कोट:

थोडं कायद्याचं, कारण मुली मोबाईलवर रेकॉर्ड करतात असं लिहिलंय.

आपल्याकडे कवीच्या निधनानंतर साठ वर्षं कवितेवर वारसांचा हक्क असतो, निधनाच्या पुढच्या वर्षापासून मोजून. ना. घं.ची ती मुदत अजून चालू आहे. बालकवी १९१८ साली गेले, माधव जूलियन १९३९ साली. त्यांच्या कविता मोकळ्या आहेत. हौशी मंडळानं तिकीट न लावता, फुकट प्रवेश ठेवून कार्यक्रम केला तर कायद्यात तशी मुभा आहे. पण तोच कार्यक्रम चित्रित करून इंटरनेटवर टाकणं ही वेगळी बाब, त्याला ती मुभा लागू होत नाही. वारसांना एक पत्र लिहून परवानगी मागा. आणि सरांच्या कवितेचं मुलींनी केलेलं रेकॉर्डिंग कुठे चढवलं गेलं असेल तर सरांना विचारल्याशिवाय तिथे ठेवू नका. हयात कवीचा तो हक्क आहेच, शिवाय शिष्टाचारही आहे.

पैनगंगा:

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही लिहिलेलं छापून वाचनालयाच्या फळ्यावर लावलंय.

सरांकडे त्या मुलाला घेऊनच गेले. सुरपेटीताईंनी सांगितलं तसं त्यानं सरांना कविता म्हणायची विनंती केली आणि वहीत फक्त श्वासाच्या जागी रेघा मारल्या. सर दोनदा थांबले आणि म्हणाले, "इथं तू ओळ जोडली होतीस." तो म्हणाला, "हो सर, आठ भरायच्या होत्या." सर पुढच्या बैठकीला येणार आहेत. या कवितेला चाल नकोच, यावर ते ठाम आहेत, षड्ज-पंचमही नको. पण त्यांची एक जुनी कविता पादाकुलकात आहे, ती त्यांनी स्वतःहून त्याच्यापुढे ठेवली. रेकॉर्डिंग मुलींनी एका ग्रुपवर टाकलं होतं, ते काढलं.

मेहकरला ना. घं.ना ऐकलेलं एक कुटुंब सापडलं आहे, या आठवड्यात जाते.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. 'शीळ' शेवटी एक मुलगी गाणार, तिचा आवाज नाजूक आहे. मुलाला तबला हवाच आहे. चालेल का? आणि दुसरं. फळ्यावरचं वाचून नर्सबाई म्हणाल्या की त्यांना त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या येतात, शंभराच्या वर. इतकी वर्षं त्या मंडळात येताहेत, पण हे कधी बोलल्या नाहीत, कारण त्यांना ती कविता वाटत नव्हती. या ओव्या ना. घं.च्या कार्यक्रमात घ्याव्यात का? की वेगळी बैठक ठेवू?

सुरपेटी:

वेगळी बैठक ठेवा, पूर्ण ओव्यांची, आणि कार्यक्रमाच्या आधी ठेवा. 'शीळ'मधला तो 'बाई' बायकांच्या गाण्यातूनच आलेला आहे. आधी ओव्या ऐकलेल्या कानाला ना. घ. जास्त कळतील.

नर्सबाईंना बहिणाबाईंची गोष्ट सांगा. जळगावजवळच्या आसोद्याच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. काम करता करता त्या म्हणत गेल्या, सोपानदेवांनी आणि नात्यातल्यांनी ते उतरवून घेतलं. आईच्या निधनानंतर सोपानदेवांनी ते आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि १९५२ साली पुस्तक आलं. उतरवून घेणारं कोणी घरात नसतं तर मराठीला ती कविता मिळालीच नसती. तुमच्याकडे वही आहे, ताई.

मुलीसाठी पेटीची काळी चार किंवा पाच ही पट्टी पाहा, वर ताण पडत असेल तर अर्धा सूर उतरवा. तबला चालेल, पण डग्गा अगदी हलका, आणि मुखड्याचे शब्द संपल्यावरच तुकडा वाजवायचा, शब्दांवर नाही. माईक एकच असेल तर तो मुलीपुढे ठेवा आणि तबला हातभर मागे.

ओव्यांच्या दिवशी मात्र पेटी उघडायचीच नाही. बाई जो सूर धरतील तो पेटीवर शोधायचा मोह त्या मुलाला होईल, त्याला आवरा. ओव्या म्हणताना सूर दहा-बारा ओव्यांत थोडा वर सरकतो, तसा सरकू द्या. दोन ओव्यांच्या मध्ये बाई जेवढं थांबतील तेवढं थांबू द्या, तेव्हा जातं फिरत असायचं. आणि लिहून घेताना ओव्या प्रमाण मराठीत सुधारू नका. वऱ्हाडीत म्हणतील तशाच लिहा, आणि त्यांना चालणार असेल तर वर त्यांचं आणि त्यांच्या आईचं नाव घाला.